जर्मनीत नेट जोडताना: तार, करार आणि फुकटचं वायफाय

पुण्या-मुंबईत नवं घर घेतलं की नेटची काळजी सहसा सगळ्यात शेवटी येते. इमारतीत दोन-तीन कंपन्यांच्या तारा आधीच आलेल्या असतात, फोन केला की एक-दोन दिवसांत मुलगा येऊन डबी बसवून जातो, आणि संध्याकाळी घर ऑनलाइन. जर्मनीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. अर्ज केल्यापासून नेट सुरू होईपर्यंत दोन ते सहा आठवडे सहज जातात. शिवाय वेग किती मिळणार हे तुम्ही किती पैसे भरता यापेक्षा तळघरात कोणती तार आली आहे यावर ठरतं. म्हणून घर बघायला जाल तेव्हाच, भाडेकरारावर सही करण्याआधी, घरमालकाला विचारून घ्या: घरात फायबर आलं आहे का, टीव्हीच्या केबलची खोबणी आहे का, आणि आधीच्या भाडेकरूकडे कोणत्या कंपनीचं नेट होतं. त्या भाडेकरूचं पूर्ण नावही लिहून घ्या. ते पुढे कामाला येतं.

मधले आठवडे सिमकार्डावर आणि सार्वजनिक वायफायवर काढायचे असतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

प्रीपेड सिम इथे सुपरमार्केटच्या गल्ल्यावरही मिळतं, पण ओळख पटवल्याशिवाय ते चालू होत नाही. हा नियम १ जुलै २०१७ पासून आहे. ओळख पटवायचे दोन मुख्य मार्ग असतात. एक म्हणजे व्हिडिओ कॉल, ज्यात समोरचा माणूस पासपोर्ट तिरका करायला लावतो आणि त्यावरची चमकणारी चित्रं तपासतो. दुसरा मार्ग पोस्टिडेंट. त्यात कंपनीने दिलेलं कूपन आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं. व्हिडिओसाठी मंद दिवा आणि हॉस्टेलचं रडतखडत चालणारं वायफाय असेल तर कॉल अर्ध्यावर तुटतो. काही कंपन्या व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट स्वीकारतही नाहीत. सिम विकत घेण्याआधी त्या कंपनीच्या पानावर भारताचं नाव यादीत आहे का ते बघा. नसेल तर सरळ पोस्टात जा. कुठेतरी रांगेत उभं राहायचं आहे हे धरूनच, शनिवार-रविवारी उतरणार असाल तर पहिल्या दोन दिवसांसाठी भारतातूनच प्रवासी ई-सिम घेऊन निघणं मला शहाणपणाचं वाटतं. रविवारी इथे दुकानं बंद असतात.

प्रीपेड पॅक बहुतेक चार आठवड्यांचा असतो, महिन्याचा नव्हे. म्हणजे वर्षात १२ ऐवजी १३ वेळा पैसे जातात. दर बघताना तो फरक धरा. डेटाचा अंदाजही आधीच बांधा: २ एमबीपीएसने चालणारा व्हिडिओ कॉल तासाला साधारण ०.९ जीबी खातो, आणि तुमचं चित्रही तेवढ्याच वेगाने पलीकडे जात असेल तर जवळजवळ दुप्पट. आईबाबांशी रोज एक तास व्हिडिओवर बोलणाऱ्याचा २० जीबीचा पॅक पंधरवड्यात संपू शकतो.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे लोक विनाकारण सिम बदलत बसतात. भारतातून आणलेल्या फोनवर रेंज कमी दिसते तेव्हा दोष पुष्कळदा नेटवर्कचा नसतोच. जर्मनीत खेड्यापाड्यांत आणि जाड भिंतींच्या आत ४जी पोहोचवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर ८०० मेगाहर्ट्झची पट्टी करते. फोनच्या माहितीपत्रकात तिला बँड २० म्हणतात. भारतात ही पट्टी ४जीसाठी वापरत नाहीत, त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त मॉडेलमध्ये ती टाकलेलीच नसते. असा फोन चौकात उत्तम चालतो आणि लिफ्टपाशी, तळमजल्यावर, रेल्वेत मान टाकतो. फोनच्या मागचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याच्या भारतीय आवृत्तीचे बँड तपासा. १, ३, ७, ८, २० आणि २८ असतील तर काळजी नाही. दुसरी अडचण साध्या कॉलची. इथलं ३जी २०२१ मध्ये बंद झालं. फोनला त्या कंपनीच्या नेटवर्कवर व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, येत नसेल तर कॉल आला की तो थेट २जीवर उतरतो आणि बोलणं संपेपर्यंत डेटा जवळजवळ ठप्प. सेटिंगमध्ये व्होल्टेचं बटण दिसत नसेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा, मग दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

भारतीय सिम काढून टाकू नका. बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. निघण्याआधी भारतातच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, कारण इथे उतरल्यावर ते चालू करायला लागणारा ओटीपीही त्याच बंद सिमवर येणार असतो. डेटा रोमिंग बंद ठेवा. रोमिंगवर एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला तर पडतात. घरच्यांना तसं बजावून ठेवा. व्हॉट्सॲप कॉलला इथे काही आडकाठी नाही. दुबईहून आलेल्यांना याचं अप्रूप वाटतं.

फुकटचं वायफाय कुठे आणि कितपत

वायफायला जर्मन माणूस वायफाय म्हणत नाही. तो डब्ल्यूलॅनची अक्षरं जर्मन उच्चारात म्हणतो, 'वेलान'. कॅफेत विचारायचं ते 'हाबेन झी वेलान?'

बरीच वर्षं इथे सार्वजनिक वायफाय कमी होतं आणि त्याला कायद्याचं कारण होतं. तुमच्या जोडणीवरून दुसऱ्या कोणी चोरून सिनेमा उतरवला तर जोडणीच्या मालकाला जबाबदार धरता येत असे. कॅफेवाले त्या भीतीने वायफाय देतच नसत. ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा बदलला आणि ही जबाबदारी बरीचशी काढून टाकली गेली. आता बवेरियात सरकारी इमारतींपासून पर्यटनस्थळांपर्यंत राज्य सरकारचं वायफाय आहे. नावाच्या सुरुवातीला ॲट चिन्ह आणि पुढे बायर्नवेलान. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद रेल्वेगाड्यांत फुकट वायफाय असतं, पण ते मोबाइल टॉवरवरूनच येतं. बोगद्यात आणि दोन शहरांमधल्या मोकळ्या शेतांत गाडीतल्या शेकडो लोकांनी एकाच क्षीण सिग्नलवर भागवायचं असतं. गाडीत मीटिंग ठेवू नका, फाइल आधीच उतरवून घ्या. शहराच्या वाचनालयात बसून काम करण्याइतकं नेट हमखास मिळतं. काही ठिकाणी त्यासाठी वाचनालयाचं कार्ड लागतं, आणि ते कार्ड तसंही काढण्यासारखं आहे.

फ्रायफुंक या नावाने दिसणारी जाळी कंपन्यांची नाहीत. ती स्वयंसेवकांची आहेत. लोक आपापल्या घरातल्या राउटरचा थोडा वेग शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. लॉगिन लागत नाही. वेग बऱ्याचदा कमी असतो. त्याचं एक कारण म्हणजे अनेक शहरांत ही वाहतूक कूटबद्ध बोगद्यातून संघटनेच्या सर्व्हरकडे वळवली जाते, आणि खिडकीत ठेवलेल्या छोट्या राउटरचा प्रोसेसर त्या कूटबद्धतेतच दमतो. निरोप, नकाशा, ईमेल यांसाठी ते पुरेसं आहे. कल्पना सुंदर आहे, आणि घरचं नेट लागल्यावर आपणही त्यात एक राउटर लावावा असं मला मनापासून वाटतं.

सार्वजनिक वायफायला फोन जोडला गेला, पण नेट चालत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. अशा जागी आधी एक 'मान्य आहे' म्हणायचं पान उघडावं लागतं आणि ते पान आलेलंच नसतं. ते न येण्याची कारणं ठरलेली आहेत. व्हीपीएन चालू असेल तर फोन त्या पानाला वळसा घालायला बघतो आणि मध्येच अडकतो, तेव्हा तो बंद करा. अँड्रॉइडमध्ये खासगी डीएनएसला एखादा ठरावीक सर्व्हर दिलेला असेल तर तो 'स्वयंचलित' वर आणा. मग ब्राउझरमध्ये कुलूप नसलेली, म्हणजे एचटीटीपीने उघडणारी एखादी साइट टाका. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट खास याचसाठी आहे. एचटीटीपीएसची साइट टाकलीत तर लॉगिनच्या पानाऐवजी प्रमाणपत्राचा इशारा दिसेल. लॉगिन झालं की व्हीपीएन पुन्हा लावा. हॉटेलात 'दोनच उपकरणं' अशी मर्यादा असेल आणि तुमचा एकच फोन दोनदा मोजला जात असेल, तर फोन दरवेळी नवा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरचा आपला ओळख क्रमांक, सांगतो आहे. त्या नेटवर्कपुरता बदलता पत्ता बंद करा.

सुरक्षेबद्दल अतिरेकी भीती नको आणि गाफीलपणाही नको. बँकेचं ॲप आणि जवळजवळ सगळ्या साइट आज एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरून तुमचा पासवर्ड कोणी सहज वाचू शकत नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे: ओळखीच्या नावाचं बनावट वायफाय. फोन एकदा जोडलेलं उघडं नेटवर्क लक्षात ठेवतो आणि त्याच नावाचं दुसरं काही दिसलं की आपणहून जोडला जातो. म्हणून उघड्या नेटवर्कसाठी 'आपोआप जोडा' बंद ठेवा, प्रमाणपत्राचा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका, आणि लॉगिनच्या पानाने ईमेलचा पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक मागितला तर तिथेच थांबा. पैशांचा व्यवहार असेल तर पाच मिनिटं आपल्या सिमचा हॉटस्पॉट वापरा. त्याला डेटा नगण्य लागतो.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगलं सार्वजनिक नेट म्हणजे एडुरोम. एका विद्यापीठाचं खातं दुसऱ्या कोणत्याही सहभागी विद्यापीठात चालतं, अगदी भारतातल्या काही संस्थांतही. ते न चालण्याचं नेहमीचं कारण एवढंच असतं की वापरकर्त्याच्या नावापुढे ॲट आणि विद्यापीठाचा पत्ता लिहिलेला नसतो. आपल्या आवारात अर्धं नावही कधी कधी चालून जातं आणि मग दुसऱ्या शहरात गेल्यावर एकदम बंद पडतं, कारण तुमची चौकशी कोणत्या विद्यापीठाकडे पाठवायची हे तिथल्या सर्व्हरला कळत नाही. हाताने सेटिंग भरू नका. विद्यापीठाच्या पानावरून एडुरोमचं जुळणी ॲप घ्या. ते प्रमाणपत्रही नीट बसवतं. 'प्रमाणपत्र तपासू नका' हा पर्याय निवडून घाईने जोडलेला फोन आपला विद्यापीठाचा पासवर्ड कोणत्याही तोतया एडुरोमच्या हवाली करू शकतो.

घरात येणारी तार

आता मुख्य काम. घरी नेट येण्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचा डीएसएल. रस्त्यावरच्या राखाडी पेटीपर्यंत फायबर येतं आणि पेटीपासून घरापर्यंत जुनी तांब्याची जोडी. १६, ५०, १०० आणि २५० एमबीपीएस अशा त्याच्या पायऱ्या आहेत. पेटी घरापासून जितकी लांब तितका वेग खाली. २५० चा वेग पेटीपासून काहीशे मीटरच टिकतो. अपलोड ५० च्या जोडणीत साधारण १०, १०० आणि २५० मध्ये ४० पर्यंत. दुसरा रस्ता टीव्हीच्या केबलचा. तिथे डाउनलोड १००० पर्यंत जातो, पण अपलोड बहुधा ५० वर अडतं, आणि ती केबल गल्लीतल्या अनेक घरांत वाटलेली असते. रात्री आठ ते दहा या वेळात सगळे सिरियल बघायला बसले की वेग घसरतो. भारताशी बोलणाऱ्यांना यात थोडा दिलासा आहे: भारतात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात, गर्दी व्हायच्या आधीच. तिसरा रस्ता घरात थेट येणारं फायबर. ते असेल तर दुसरं काही बघू नका.

एक गैरसमज काढून टाका. डीएसएल विकणाऱ्या कंपन्या अनेक, पण घरात शिरणारी तांब्याची तार एकच, आणि ती बहुतेक ठिकाणी डॉइचे टेलिकॉम या कंपनीची. एका कंपनीकडे १०० ऐवजी ६० मिळत असतील तर दुसऱ्या कंपनीकडे जाऊन त्याच तारेतून ६० च मिळतील. बदलायचं तर रस्ता बदला, म्हणजे डीएसएलवरून केबल किंवा फायबर.

किती वेग लागतो? इथे कागदावर आणि जाहिरातीत आकडा मेगाबिटचा असतो आणि संगणकावर फाइल उतरताना मेगाबाइट दिसतात. आठने भागा: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. दोघांचं घर, दोघंही घरून काम करणारे, संध्याकाळी एक टीव्ही, याला ५० पुरतात. मी १०० घ्यायला सांगेन ते डाउनलोडसाठी नव्हे. अपलोड १० वरून ४० होतो म्हणून. व्हिडिओ मीटिंगमध्ये चित्र गोठतं ते बहुधा अपलोड तोकडं पडल्याने.

करारावर सही करण्याआधी

करार पहिल्यांदा जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असू शकतो. १ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ती मुदत संपली की तो आपोआप पुढे चालला तरी एक महिन्याची सूचना देऊन कधीही बंद करता येतो. पूर्वी तो वर्षभरासाठी गळ्यात पडायचा. जुनी माणसं अजून तीच भीती घालतात. दर बघताना पहिल्या काही महिन्यांचा सवलतीचा आकडा ठळक असतो आणि नंतरचा बारीक अक्षरात. २४ महिन्यांची बेरीज करून भागा. राउटर भाड्याने घेतला तर महिना ५ ते ८ युरो जातात, म्हणजे मुदतभरात १२० ते १९२. ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क आहे, तेव्हा दोन वर्षं राहणार असाल तर वापरलेला पण चांगला राउटर विकत घ्या. फक्त डीएसएलचा राउटर केबलवर चालत नाही, हे विसरू नका.

नव्याने आलेल्यांचा अर्ज कधी कधी कारण न सांगता नाकारला जातो. तुमचा पतइतिहास सांगणाऱ्या शुफाकडे तुमच्या नावावर अजून काहीच नसतं. अशा वेळी महिन्याच्या महिन्याला बंद करता येणारा करार किंवा सिमवर चालणारा घरगुती राउटर घेऊन काही महिने काढा आणि मग पुन्हा अर्ज करा. बँक खातं जर्मनीबाहेरच्या युरोपीय देशातलं असेल, म्हणजे आयबॅनची (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची) सुरुवात डीईने होत नसेल, तरी ते नाकारण्याचा अधिकार कंपनीला नाही. फॉर्म अडला तर हे लेखी सांगा.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यापासून जपून. भाड्याच्या खर्चात केबल टीव्हीचे पैसे सक्तीने घालण्याची पद्धत ३० जून २०२४ ला संपली. त्याचा आधार घेऊन 'आता नवी सही केली नाही तर नेट बंद होईल' असं सांगणारे फिरतात. दारात सही करू नका. केलीच असेल तर १४ दिवसांत लेखी रद्द करता येते, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. दर महिन्याला १८.३६ युरो मागणारं रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्रही येईल. त्याचा नेटशी संबंध नाही, पण ते खोटंही नाही. घरटी एकाने भरावंच लागतं.

अर्जात पत्ता लिहिताना मजला आणि बाजू लिहा: तिसरा मजला, डावीकडे, मागची इमारत. इथे दारांना क्रमांक क्वचितच असतात. आधीच्या भाडेकरूचं नाव विचारून ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागतं, कारण बंद न केलेली त्याची जोडणी तारेवर तशीच पडून असते आणि 'तार व्यापलेली आहे' असं उत्तर येतं. नाव दिलं की कंपनीला नेमकी जोडी सापडते. फायबरच्या खोबणीवर होम-आयडी, म्हणजे त्या जोडणीचा ओळख क्रमांक, छापलेला असेल तर तो द्या.

तंत्रज्ञ येण्याचा दिवस

हा दिवस हुकला की पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनी मिळते, म्हणून इथे जरा सावकाश.

वेळ अशी दिलेली असते: आठ ते बारा, किंवा बारा ते चार. तंत्रज्ञ खालच्या दारावर येतो, घंटेवरची नावं वाचतो, आणि तुमचं नाव नसेल तर 'ग्राहक सापडला नाही' असं लिहून निघून जातो. नव्या भाडेकरूच्या भेटी फुकट जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. घंटेवर आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावा, करारातल्याच स्पेलिंगने. घरमालक पाटी उशिरा देणार असेल तर कागदावर लिहून चिकटपट्टीने लावा. पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली तुमचं नाव. घंटा वाजत नसेल तर मोबाइल क्रमांकही तिथेच लावून ठेवा, आणि अनोळखी क्रमांकाचा फोन त्या दिवशी उचला.

तळघराची किल्ली दुसरी गोष्ट. तार इमारतीत जिथे शिरते ती पेटी तळघरात असते आणि त्याला कुलूप. इमारतीच्या देखभालवाल्याला, म्हणजे हाउसमाइस्टरला, आदल्या आठवड्यात फोन करून किल्ली मिळवून ठेवा.

घरात डीएसएलची खोबणी टीएई म्हणून ओळखली जाते. तिला तीन भोकं असतील तर राउटरची तार मधल्यात घाला. बाजूची दोन जुन्या फॅक्स-आन्सरिंग मशीनसाठी होती. दोन खोल्यांत दोन खोबण्या असतील तर पहिली, म्हणजे तार जिथे आधी येते ती, धरा. दुसऱ्या खोबणीपर्यंतची वाढीव तार वेग खाते आणि जोडणी तोडते. केबलच्या खोबणीत टीव्ही आणि रेडिओच्या दोन जागांच्या वर तिसरी, आटे असलेली जागा लागते. ती नसेल तर तंत्रज्ञाकडून खोबणी बदलून घ्या.

आला दिवस आणि तंत्रज्ञ आलाच नाही, तर चुकलेल्या भेटीसाठी कंपनीने १० युरो किंवा महिन्याच्या रकमेच्या २० टक्के, यातलं जे जास्त ते द्यायचं असतं. चालू नेट पूर्ण बंद पडलं आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत दुरुस्त झालं नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाला रोज ५ युरो किंवा १० टक्के, पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के. तक्रारीची तारीख आणि क्रमांक लिहून ठेवा. मागितल्याशिवाय हे पैसे बऱ्याचदा येत नाहीत.

कागदावर १००, घरात ३०

आधी दोष कुणाचा ते ठरवा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि मोजा. वेग पूर्ण आला तर तार ठीक आहे, तुमचं वायफाय कमी पडतं आहे. राउटर कपाटात, टीव्हीमागे किंवा जमिनीवर असेल तर बाहेर काढा. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी शेजाऱ्यांनी भरलेली असते, जवळच्या खोल्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा. ५ ची पट्टी अधूनमधून एखाद-दोन मिनिटं गायब होत असेल तर राउटर रडारसाठी राखीव चॅनलवर आहे. विमानतळाजवळ हे होतं. चॅनल ३६ ते ४८ मध्ये ठेवा.

लॅन केबलने मोजूनही आकडा नेमका ९४ च्या आसपास अडला असेल आणि जोडणी २५० ची असेल, तर लॅन केबलची एखादी जोडी तुटली आहे किंवा यूएसबीचा अडॅप्टर जुना, १०० चा आहे. आधी केबल बदला. कंपनीला फोन करण्याआधी हे केलंत तर तासभर वाचतो.

तरीही वेग कमीच येत असेल तर कायद्याने मान्य केलेली मोजणी करा. दूरसंचार नियामक, बुंडेसनेट्सआगेन्टूर, याचं ब्राइटबांडमेसुंग नावाचं फुकट डेस्कटॉप ॲप आहे. लॅन केबल लावूनच मोजायचं. १४ दिवसांच्या आत तीन वेगळे दिवस, मोजणीच्या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा, रोज १० प्रमाणे एकूण ३० मोजण्या. मोजण्यांमध्ये किमान पाच मिनिटं, आणि पाचवी व सहावी यांच्यात तीन तास. मोबाइलवरच्या स्पीडटेस्टचे फोटो कंपनी मानत नाही, या अहवालाला मात्र नाही म्हणता येत नाही. करारासोबतच्या माहितीपत्रात तीन आकडे असतात: कमाल, नेहमी मिळणारा आणि किमान. कमालच्या ९० टक्के वेग तीनपैकी दोन दिवस एकदाही आला नाही, किंवा नेहमीचा वेग ९० टक्के मोजण्यांत गाठला गेला नाही, किंवा दोन दिवस किमान आकड्याच्याही खाली गेला, तर तुम्हाला बिल त्या प्रमाणात कमी करून घेता येतं किंवा मुदतीआधी करार मोडता येतो.

भारताशी जोडणी मात्र या आकड्यांनी सुधारत नाही. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ अंतरच सुमारे ६,५०० किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद. प्रत्यक्ष तारा भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र असा वळसा घेतात आणि मध्ये बरेच थांबे असतात, म्हणून पिंग, म्हणजे हाच जाऊन-येऊन लागणारा वेळ, शंभराच्या बराच वर दिसतं. पुण्यातल्या ऑफिसच्या संगणकावर दूरून काम करताना माउस मागे रेंगाळतो तो यामुळे. त्यासाठी २५० चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तांबड्या समुद्रात तारा तुटल्या, जसं २०२४ च्या फेब्रुवारीत आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालं, की वाहतूक लांबच्या मार्गाने वळते आणि पिंग आणखी वाढतं. तेव्हा राउटर बंद-चालू करत बसू नका.

ऑफिसचा व्हीपीएन जोडला जातो पण मोठी पानं उघडत नाहीत, असं केबल आणि फायबरवर होतं. तिथे अनेकदा स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता (नेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता) मिळत नाही, तुमची वाहतूक नव्या पद्धतीच्या, आयपीव्ही६ च्या पाकिटात घालून पाठवली जाते आणि पाकिटं मोठी होऊन अडतात. व्हीपीएनमध्ये एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १३०० च्या आसपास आणून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर कंपनीकडे 'ड्युअल स्टॅक', म्हणजे दोन्ही प्रकारचे पत्ते, मागा.

टॉरंट. ही गोष्ट इथे हलक्याने घेऊ नका. टॉरंटवर सिनेमा उतरवताना तुम्ही तोच सिनेमा इतरांना वाटतही असता, आणि तुमचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसतो. काही 'फुकट सिनेमा' ॲप आतून हेच करतात. काही आठवड्यांनी वकिलाचं पत्र येतं, त्याला आबमानुंग म्हणतात. मागणी काहीशे युरोंची, कधी हजाराच्या घरात. पत्र जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला येतं, म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्याने केलेल्या चुकीचंही तुमच्या दारात. पत्राकडे दुर्लक्ष करू नका, त्यासोबतच्या हमीपत्रावर तशीच सही करू नका, आणि दिलेल्या मुदतीच्या आत ग्राहक सल्ला केंद्रात, फरब्राउखरझेंट्रालेमध्ये, किंवा वकिलाकडे जा. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं अतिथी नेटवर्क ठेवा, आणि पहिल्याच दिवशी त्यांना ही गोष्ट सांगा.

घर बदलताना करार नव्या पत्त्यावर तसाच पुढे नेता येतो. तिथे कंपनीची सेवा नसेल तर एक महिन्याच्या सूचनेने तो संपवता येतो, आणि कायमचं भारतात परतताना हाच मार्ग वापरतात. सोबत जर्मनीतली पत्तानोंदणी रद्द केल्याचा दाखला जोडा. रद्द करण्यासाठी कंपनीच्या वेबसाइटवर वेगळं बटण असणं जुलै २०२२ पासून सक्तीचं आहे. ते दाबलं की आलेली पोच जपून ठेवा. भाड्याचा राउटर असेल तर अडॅप्टर आणि केबलसह खोक्यात घालून, मागचा क्रमांक फोटोत टिपून, पोस्टाची पावती घेऊन पाठवा. पावती नसेल तर राउटर मिळालाच नाही असं सांगून त्याची किंमत खात्यातून कापली जाऊ शकते, आणि तोवर तुम्ही पुण्यात असता. म्हणून शेवटचं बिल निघेपर्यंत जर्मन बँक खातं बंद करू नका.